बंदराच्या चित्रातली तीन भोकं

चोर म्हणलं मले! भर बाजारात, खामगावच्या फरशी भागात, माझ्याच दुकानाच्या पायरीवर उभं राहून. अन् म्हणणारा कोण, तर लक्ष्मीकांत सरांचा सौमित्र, पुण्याहून दोन दिवसांसाठी आलेला.

मी जहांआरा. फोटोंच्या फ्रेमा करते. दुकान अब्बांचं, जहांगीर मिस्त्रींचं, आता माझं. लक्ष्मीकांत सरांनी मले सहावीत इतिहास शिकवला. दरवर्षी ते घरून एक मोठं चित्र शाळेत आणत, लिव्हरपूलच्या बंदराचं. शिडांची जहाजं, गोदामं, धक्क्यावर कापसाच्या गाठी. "आपल्या खामगावचा कापूस इथं उतरायचा, पोरींनो," सर म्हणत. छपाई काळी, रंग मात्र हातानं भरलेला. एका जहाजाचा लाल झेंडा रेषेबाहेर सांडला होता. मी ते बोट ठेवून दाखवलं तर सर हसले. "माणसाचा हात आहे, जहांआरा. मशीन थोडीच आहे?" तेव्हापासून त्या चित्रावर माझा जीव.

मागच्या महिन्यात सरच ते घेऊन आले. फ्रेम पोखरलेली, काच धुरकट. मी नवी काच, नवी फ्रेम केली, अन् चित्राभोवती जो पुठ्ठा बसवतात, त्याची खिडकी जरा मोठी कापली. कडेचं चित्र इतकी वर्षं पुठ्ठ्याखाली दबून होतं, तिथं ऊन कधी पोचलंच नव्हतं. पाणी असं निळं निघालं, बाप्पा, की मीच पाहत राह्यली.

त्या निळ्यानंच घात केला. बाप-लेक चित्र न्यायले आले. सौमित्रनं मोबाइलमधला त्याच चित्राचा जुना फोटो उघडला, चित्राशेजारी धरला.

"हे आमचं चित्रच नाही. हा निळा बघा, काल लावल्यासारखा आहे. खरं चित्र विकलंत आणि कॉपी आमच्या गळ्यात मारताय. सरळ चोरी आहे ही!"

समोरच्या आशाबाईची चहाची गाळणी हातातच राह्यली. तिची चार गिऱ्हाईकं वळून पाहू लागली. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. लोक मेलेल्या माणसाचा एकुलता एक फोटो माझ्या हातात देऊन जातात, पावतीसुद्धा मागत नाहीत. एकदा चोर नाव पडलं की कोण देईन?

मी सरांकडे पाह्यलं. वाटलं, सर बोलतील. सर चष्मा पुसत राह्यले. ते मले त्या पोराच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं, खरं सांगते.

पण रडत बसणारी बाई मी नाही. "थांब बाबू," म्हणलं, "हातच्या कांकणाले आरसा कायले?"

अब्बांची एक रीत होती. गिऱ्हाईक काम पाहून घेईस्तोवर जुन्या फ्रेममधलं काहीच फेकायचं नाही, खिळासुद्धा नाही. मी आतून सरांच्या चित्रामागची जुनी फळी आणली. तिच्यावर पेन्सिलीनं अब्बांची सही होती, जहांगीर, १९७८. अन् किड्यानं पाडलेली तीन भोकं, सुई जाईन एवढी.

मग नवी फ्रेम उलटी केली, खिळे काढले, चित्र बाहेर घेतलं. जुन्या फळीवर चित्राच्या आकाराचा डाग पडला होता, त्याच्यावर ते कडेले कड लावून ठेवलं. अन् सौमित्रच्या हातात सुई दिली.

"तूच टाक. मधल्या डोलकाठीजवळ पाह, भोक आहे."

त्यानं टाकली. सुई चित्रातून गेली, फळीतून गेली, खालून टोक निघालं.

"आता गोदामाच्या छपरावर."

तिथूनही गेली. तिसरं भोक लाल झेंड्याखाली. तेही आरपार.

"किडा फळी पोखरून चित्रात शिरला," मी म्हणलं. "कॉपी करणारा निळा रंग लावीन, झेंडाही सांडवीन. पण माझ्या अब्बांच्या फळीतली भोकं कुठून आणीन बे?"

सौमित्रचं तोंड पाहण्यासारखं झालं. "सॉरी," तो पुटपुटला.

"चोर तर मोठ्यानं म्हणला होता. हे मले ऐकू नाही आलं."

"मले बी नाही आलं!" रस्त्यापलीकडून आशाबाई.

मग सौमित्र म्हणला, चांगलं खणखणीत. "माझी चूक झाली. चित्र आमचंच आहे. ताईंनी काही चोरलेलं नाही."

मी नवी फळी त्याच्यापुढं सरकवली, पेन्सिल दिली. "आता इथं लिही. पन्नास वर्षांनी जो कोणी ही फ्रेम उलटी करीन, त्याले कळू दे."

त्यानं लिहिलं, 'रंग जुनाच आहे. मी तपासला. सौमित्र.' खाली मी सही केली, जहांआरा. अब्बांसारखीच, तारीख टाकून.

चित्र लावलं, फळी बसवली, हातोडी उचलली, तर सरांनी पेन्सिलीसाठी हात पुढं केला.

"काऊन सर, पेन्सिल कायले?"

"दे."

त्यांनी आमच्या सह्यांखाली लिहिलं. अक्षर तेच, सहावीच्या फळ्यावरचं. 'मलाही शंका आली होती. तिला ओळखत असून आली. माझी चूक मोठी. लक्ष्मीकांत.'

मी वाचलं. डोळे भरले, लपवले नाहीत. राग होताच, तो काही लगेच गेला नाही. "सर," म्हणलं, "हे तर भिंतीकडं राहीन. कोणाले दिसणार नाही."

"तुला दिसलं ना?" सर म्हणाले. "ठोक आता खिळे."

मी ठोकले.