परमिट रूममधला बेंजो

मित्रांनो, मी सोलापूरचा एक जुना बेंजो आहे. मला पाहून तुम्ही म्हणाल, टाइपरायटरसारखी बटणं लावलेली ही कसली लाकडी पेटी! पण डाव्या हाताने बटणं दाबली आणि उजव्या हातातली नखी तारांवर फिरवली की मी बोलू लागतो. माझा आवाज किणकिणता आणि थोडा उतावळा आहे. वरातीत, मिरवणुकीत माझे भाऊबंद तुम्ही ऐकले असतील. माझी गोष्ट मात्र वरातीची नाही. ती सांगताना मला थोडी लाजही वाटते. तरी सांगतो.

मला घडवलं कुंडलिकमामांनी. ते गिरणीत सुतार होते. मागांचे मोडलेले लाकडी भाग ते असे बसवत की सांधा कुठे आहे हे बोटालाही कळू नये. चाळीत त्यांच्या शेजारच्या खोलीत धोंडिराम आणि त्याची आई सोनाबाई राहत. धोंडिरामही त्याच गिरणीत कामाला होता. त्याला वाजवण्याचं भारी वेड. एका मित्राचा बेंजो तो उसना आणून वाजवायचा. एके दिवशी मित्राने तो परत नेला आणि धोंडिराम ताटावरून उठला.

मामा म्हणाले, "जेवण कशाला टाकतोस येड्या? लाकूड माझं, हात माझं. तुला करून देतो की."

मंगळवारच्या बाजारातून त्यांनी एका मोडक्या बेंजोची बटणं आणि पत्रा आणला. पेटीसाठी एका जुन्या दाराची सागवानी फळी निवडली. निवडताना ते प्रत्येक फळीवर बोटाने टकटक करून कान लावायचे. महिनाभर पाळी सुटली की ते माझ्यावर काम करत बसत. ज्या दिवशी माझ्या तारा पहिल्यांदा जुळल्या, त्या दिवशी मामांच्या बायकोची, भीमाबाईंची, तव्यावरची भाकरी करपली. त्यांना ते कळलंसुद्धा नाही. माझं पहिलं कौतुक ते.

धोंडिरामने दोन मित्र जमवले. त्रिंबक गायचा. गुरुलिंग अक्कलकोटकडचा, तो बोंगो वाजवायचा. तिघंही हौशी. गिरणीमागच्या मोकळ्या जागेत ते सराव करत. मग कोणीतरी होटगी रस्त्यावरच्या एका परमिट रूमच्या मालकाला त्यांच्याबद्दल सांगितलं. मालकाचं नाव रावजी. ते म्हणाले, "रविवारी सांच्याला येऊन वाजवा. जेवण आमच्याकडं."

सन १९७४ चं ते वर्ष. पहिल्या रविवारी कोणी मान वळवूनही पाहिलं नाही. ग्लास आदळत होते, वेटर ओरडत होते. त्रिंबक दुसरं कडवं विसरला. धोंडिरामच्या घामाने माझी बटणं ओली झाली. पण तिसऱ्या रविवारी कोपऱ्यातल्या एका माणसाने तोंडाशी नेलेला ग्लास मध्येच थांबवला आणि माझ्याकडे कान दिला. त्या क्षणी धोंडिरामच्या बोटांत जे आलं, ते मला आजही आठवतं. त्यानंतर माणसं आमच्यासाठी येऊ लागली.

मामाही एके रविवारी ऐकायला आले. दाराजवळ बसले. समोर सोड्याची बाटली. शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी माणसाला ते अभिमानाने म्हणाले, "त्यो बेंजो हाय न्हवं, त्यो मी केलाय."

तो माणूस उठून उभा राहिला. "काय सांगता! आन् अशा कारागिराला सोडा पाजता व्हय? अरे, हितं एक ग्लास आणा!"

मामांनी तो ग्लास घेतला. कौतुकाचा होता म्हणून घेतला. पुढच्या रविवारी त्यांनी स्वतः मागवला. पावसाळा सरेपर्यंत ते आमच्याआधी येऊन बसू लागले. रविवारचं निमित्तही मग उरलं नाही.

रावजी एकदा खूश होऊन म्हणाले, "तुमी वाजवायला लागल्यापास्नं गिऱ्हाईक जागचं हलत न्हाय बगा."

तिघंही हसले. मीही मनात सुखावलो. त्याच संध्याकाळी मामांना बाहेर जायचं दार सापडेना. ते भिंत चाचपत राहिले. धोंडिरामने ते पाहिलं. त्याने मामांना दारापर्यंत नेलं आणि म्हणाला, "मामा, आता लवकर घरी जात जावा."

"माझी वस्तू बोलायला लागलीया, आन् मी उठून जाऊ व्हय?" मामा म्हणाले.

मामांना वाटेला लावून धोंडिराम आत आला. त्याने त्रिंबकला विचारलं, "आपुन हितलं वाजवणं बंद करूया का?"

त्रिंबक म्हणाला, "पिणारा कुटंबी पितो. आपुन काय पाजतो का त्याला?"

ते खरं होतं. तरीही त्या दिवसापासून धोंडिरामची नखी तारांवर जरा जास्त जोराने पडू लागली. मान खाली घालून तो फक्त माझी बटणं पाहत वाजवू लागला. समोर पाहायचं त्याने टाळलंच. आईला तर तो एवढंच सांगायचा, "गाण्याची बैठक हाय." ती बैठक कुठे असते, हे सोनाबाईंना ठाऊक नव्हतं.

संक्रांत होऊन गेल्यानंतरचा एक रविवार होता. त्या दिवशी मामांच्या मुलीला, शालनला, पाहायला टेंभुर्णीहून पाहुणे यायचे होते. मामा दुपारी दोन वाजता पेढे आणायला म्हणून घराबाहेर पडले. पाच वाजता आम्ही परमिट रूममध्ये पोहोचलो, तेव्हा ते दाराजवळच्या त्यांच्या टेबलाशी बसलेले होते. पेढ्यांचा पुडा फोडलेला होता. टेबलावरचे चौघं दारूबरोबर पेढे खात होते.

पेढे कशासाठी होते हे धोंडिरामला माहीत होतं. त्याचा चेहरा उतरला. पण तोपर्यंत रावजींनी हात वर करून सुरू करायची खूण केली होती. आम्ही सुरू केलं. एक गाणं झालं, दुसरं झालं. प्रत्येक गाण्यानंतर धोंडिराम मामांकडे पाहायचा, आणि मामा टाळ्या वाजवून म्हणायचे, "आनी एक!"

सहाच्या सुमाराला दार उघडलं. दारात दोन बायका उभ्या होत्या.

त्या जागेत बाई कधी पाऊल टाकत नसे. सगळी टेबलं एकदम गप्प झाली. पुढे भीमाबाई होत्या, आणि त्यांच्या सोबतीला आलेल्या सोनाबाई. धोंडिरामचं बोट भलत्याच बटणावर पडलं आणि माझ्यातून बेसूर निघाला. सोनाबाईंनी आपल्या मुलाकडे एकदाच पाहिलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

भीमाबाई मामांच्या टेबलाशी गेल्या. पदर घट्ट धरून हळू आवाजात म्हणाल्या, "अवो, पाव्हणं दोन तास झालं बसल्यात. साडेसातच्या यष्टीनं जाणार हायत. शालननं तीनदा च्या केला. चला की." मग त्यांची नजर फोडलेल्या पुड्यावर गेली.

मामांनी वर पाहिलं नाही. "हे गाणं हूं दे. मग येतो."

कोणीतरी खो खो हसलं. मागून आवाज आला, "अरं, गाणं थांबवू नका!" गल्ल्यावरून रावजी बोटं फिरवून खूण करत होते, चालू ठेवा.

धोंडिरामने नखी माझ्या पत्र्यावर ठेवली आणि हात मागे घेतला. मित्रांनो, मध्येच थांबवलेल्या वाद्याची काय अवस्था होते, हे तुम्हाला कसं सांगू? आवाज गेला, पण तारा तशाच ताणलेल्या. त्या क्षणी सगळी खोली तशीच होती.

"गाणं झालं, मामा," धोंडिराम म्हणाला. "आता उठा."

ग्लास टेबलावर आपटू लागले. त्रिंबक दातओठ खात कुजबुजला, "धोंड्या, वाजीव. आपला कार्यक्रम जाईल." गुरुलिंगने मात्र बोंगोवरचे हात उचलून मांडीवर ठेवले.

मामा उठले. पण ते दाराकडे गेले नाहीत. खुर्च्यांना धरत धरत ते आमच्यासमोर आले. "वाजीव म्हणतो ना! न्हाय तर दे माझा मला. मी केलाय त्यो."

त्यांनी माझी एक बाजू धरली. दुसरी धोंडिरामने. दोघांचाही माझ्यावर जीव, आणि दोघंही मला ओढत होते. माझे सांधे करकरले. तेवढ्यात सोनाबाई पहिल्यांदा बोलल्या, "धोंडू, सोड."

धोंडिरामने हात सोडले. मामा मागे कोलमडले आणि मला घेऊन फरशीवर पडले. माझं पोट फाटलं. एक तार तटकन तुटली आणि मामांच्या गालावर चाबकासारखी बसली.

मामांच्या गालातून रक्त येत होतं, पण त्यांचा हात गालाकडे गेला नाही. ते माझ्या फळीवरच्या भेगेवरून बोट फिरवत राहिले. "फुटला," ते म्हणाले. मग कोणाचा आधार न घेता उठले आणि भीमाबाईंच्या मागून चालू लागले.

टांग्यातून सगळे चाळीत आलो, तेव्हा पाहुणे उठून चपला शोधत होते. भीमाबाई पदराआड तोंड लपवून उभ्या राहिल्या. सोनाबाई पुढे झाल्या.

"पाव्हणं, खोटं सांगत न्हाय. पोरीचा बाप दारूच्या जागी बसला हुता. आन् माझा पोरगा तितं वाजवत हुता. पोरीत काय बी खोट न्हाय. आता तुमी ठरवा."

पाहुण्यांतले एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, "कळवतो." आणि ते निघून गेले. या 'कळवतो'चा अर्थ सगळ्यांना समजला. टेंभुर्णीहून पुढे कधी पत्र आलं नाही.

शालन आतून गरम पाणी घेऊन आली. पाहुण्यांसाठी नेसलेल्या नव्या लुगड्यातच तिने वडिलांचा गाल पुसला. मग तिने धोंडिरामला विचारलं, "दादा, तुमी तितं असं काय वाजवत हुता, की बाबा उठंनात? आमाला तर कवा बसून ऐकायलाबी मिळालं न्हाय."

तिच्या आवाजात राग नव्हता. म्हणूनच धोंडिराम मान वर करू शकला नाही.

तो पुन्हा परमिट रूमला गेला नाही. गुरुलिंगही गेला नाही. त्रिंबक मात्र दुसऱ्या वादकाला घेऊन तिथे गात राहिला. त्याच्यावर माझा राग नाही. गाणं हा त्याचा श्वास होता, आणि त्याला दुसरी जागा कोणी दिली नव्हती.

धोंडिरामने मला उचलून मामांच्या खोलीत नेऊन ठेवलं. म्हणाला, "मामा, दुरुस्त तुमीच करायचा. दुसऱ्याच्या हातात मी देणार न्हाय. पन हात थरथरत असंल तर हत्यार लावायचं न्हाय."

मग सुरू झाले माझ्या आयुष्यातले सर्वांत अवघड दिवस. रोज सकाळी गिरणीचा भोंगा होण्याआधी मामा मला समोर घ्यायचे आणि आपला हात माझ्यावर आडवा धरायचे. तो पिंपळपानासारखा थरथरायचा. ते मला परत कोनाड्यात ठेवायचे. असे कितीतरी दिवस गेले. एका संध्याकाळी ते पिऊन आले आणि जिद्दीने लाकूड तासायची पटाशी उचलली. मी काय करणार? पटाशी घसरली आणि भेगेच्या शेजारी एक खोल ओरखडा पडला. मामांनी पटाशी दारातून बाहेर गटारात फेकली. दुसऱ्या दिवशी स्वतःच शोधून आणली, धुतली आणि तिला धार लावली. त्यानंतर कितीतरी दिवस ते संध्याकाळी घराबाहेरच पडले नाहीत. दारात बसून राहायचे, घामाघूम होऊन, बायकोवर उगीच खेकसत.

होळी झाल्यावर एका सकाळी त्यांनी माझ्यावर हात धरला. चुलीशी फुंकणी घेऊन बसलेल्या भीमाबाई फुंकायच्या थांबल्या. शालन उंबऱ्यातच उभी राहिली. हात हलला नाही. मामांनी तो बराच वेळ तसाच धरून ठेवला, स्वतःचाच विश्वास बसत नसल्यासारखा. मग त्यांनी पटाशी उचलली.

भेगेत सरस नावाचा सुतारी डिंक भरून, दोरीने आवळून त्यांनी मला दोन दिवस ठेवलं. सांधा या वेळी लपला नाही, कारण ओरखडा राहिला. माझा आवाजही थोडा जाडसर झाला. यानंतर मामा कधीच प्यायले नाहीत, असं सांगितलं तर मी खोटा ठरेन. दोनदा त्यांचा पाय घसरला. पण दोन्ही वेळा ते आपणहून परतले.

आता आम्ही रविवारी दुपारी चाळीसमोरच्या मोकळ्या जागेत वाजवतो. बायका मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत ऐकतात. पोरं मातीत बसतात. सोनाबाई सगळ्यांत पुढे असतात. धोंडिराम हल्ली माझ्या बटणांकडे फारसा पाहत नाही. तो समोरच्या माणसांकडे पाहतो.

शालनचं लग्न त्या रविवारनंतर दोन वर्षांनी बार्शीच्या एका शाळेतल्या शिपायाशी झालं. पाहुणे आले, तेव्हा चहाचा कप पुढे करण्याआधी ती म्हणाली होती, "आधी माझ्या बाबांचं काय ते खरं ऐका, मग च्या घ्या." ते लोक ऐकून घेऊन बसून राहिले.

मित्रांनो, वाद्यावर धूळ बसू देऊ नका, पावसाळ्यात त्याला ओल लागू देऊ नका, वाजवून झाल्यावर तारा सैल करा. हे तुम्हाला कोणतंही वाद्य सांगेल. मला आणखी एक सांगायचं आहे. वाजवताना मान वर ठेवा. समोर कोण बसलं आहे, त्याची घरी कोण वाट पाहत आहे, याची आठवण ठेवा. आणि त्याची उठायची वेळ झाली, तर टाळ्या चालू असल्या तरी हात थांबवा. वाद्य त्यावर रुसत नाही.