दोन मजली विमान

बोट वर, गोल फिरव: उचल

क्रेनखाली बोलून उपयोग नसतो. आमच्या फोर्ज शॉपमध्ये तापल्या लोखंडावर यंत्राचा हातोडा पडत असतो, शेजारच्याने दिलेली शिवीसुद्धा ऐकू येत नाही. म्हणून सगळं हातांनी. वर केबिनमध्ये करीम शेख, खाली मी, सोपान. मी बोट वर फिरवलं की तो उचलतो, खाली फिरवलं की सोडतो, तळहाताने ढकललं की तिकडे सरकतो. चिंचवडच्या या कंपनीत आमची जोडी इतकी जुनी की लोक म्हणतात, यांचं भांडणसुद्धा खुणांनीच होत असेल.

कामावर घेतलं की पहिल्याच दिवशी एक नियम पाठ करून घेतात. क्रेनवाल्याने एकाच माणसाच्या खुणा पाळायच्या. फक्त थांबायची खूण कुणीही केली तरी चालते. झाडूवाल्याने केली तरी थांबायचं.

दुसरा नियम कुणी शिकवत नाही. जोडीदाराबद्दल वरच्यांकडे बोलायचं नाही.

हे आधी सांगितलं, कारण आता विमान येतंय.

बोट खाली, गोल फिरव: उतर

टूलरूमचे यशवंतराव साहेब बदली होऊन बंगलोरला निघाले होते. अठ्ठ्याहत्तर सालची दिवाळी तोंडावर आली होती. साहेबांना एक वेड होतं, रेडिओवर चालणारी छोटी विमानं. रविवारी थेरगावच्या बाजूला, नदीकाठच्या मोकळ्या रानात ते ती उडवायचे आणि करीम सायकल मारत बघायला जायचा. ज्वारीत पडलेलं विमान शोधून आणून द्यायचा. साहेबांनी जाताना त्याला सांगितलं, "तीन आहेत. एक तुमचं. या आणि निवडा. हातातला रेडिओचा डबाही देतो."

करीम मला म्हणाला, "चल बरोबर. जन्मभर साखळीला बांधलेलं उचललं, सोपानराव. एकदा साखळीशिवाय काहीतरी उचलायचंय."

साहेबांचं घर पहिल्या मजल्यावर, चिंचवड स्टेशनजवळ. विमानं खाली अंगणात मांडलेली. इंजिनातून एरंडेल गळतं म्हणून साहेबांच्या बाई त्यांना घरात घेत नव्हत्या. तिन्ही त्याच पावसाळ्यात बांधलेली, नवीकोरी. करीमने त्यांतलं एकही आधी पाहिलेलं नव्हतं. पिवळं, निळं, लाल. आम्ही गॅलरीत उभे होतो.

"पहिलंच घेताय, तर उगाच हौस नको," साहेब म्हणाले. "दोन पंखांचं दिसायला देखणं. पण मधे खांब, तारा, सगळी जुळवाजुळव. आपटलं की डिंक लावत बसाल. ज्याला वर एकच पंख आहे ते घ्या. हात चुकला तरी स्वतःहून सरळ होतं."

"नाही साहेब. दोन मजलीच. कधीचं ठरवलंय."

"बरं, दाखवा बोट. कुठलं?"

करीमने कठड्यावरून वाकून खाली पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"ते निळं."

साहेब मोठ्याने हसले. "ऐकलंत तर शेवटी माझं!"

मला वाटलं रंगात गोंधळ झाला. म्हटलं, "आरं, आन् ते लाल?"

"लाल नको. चार मजले कशाला? त्यात काय भाडेकरू ठेवायचेत?"

साहेब पुन्हा हसले. मीही हसायला तोंड उघडलं.

परत उचल

ही जागा मला पुन्हा सांगावी लागेल.

साहेबांनी काय पाहिलं: हौशी माणूस हट्ट करत होता, ऐनवेळी शहाणा झाला आणि वर विनोदही करून गेला.

मी काय पाहिलं: निळ्याला एकच पंख. लालला दोन, एकावर एक, मधे खांब.

करीमने काय पाहिलं: निळ्याला दोन. लालला चार.



मागे एकदा पिंपरीच्या फाटकापाशी तो सायकलवरून पडला होता. कपाळावर टाके. त्यानंतर त्याची मान डाव्या खांद्याकडे कलली ती कललीच. शॉपमध्ये सगळे चिडवायचे, "करीमभाई, नवी नवरी लाजती तशी मान काय?" तोही लाजल्यासारखं करायचा. आणि हुक हल्ली वीतभर बाजूला उतरायचा. मी हाताने ओढून जागेवर घ्यायचो. मला वाटायचं साखळी झिजली.

हुक एक असतो, हे करीमला ठाऊक आहे. हातोड्यात बसवायचा लोखंडी साचा, म्हणजे डाय, तोही एक, साखळी एक. म्हणून शॉपमध्ये दोन दिसले तरी त्यातला खोटा तो बाजूला काढू शकत होता. विमानाला किती पंख असतात, हे मात्र डोळ्यांनाच विचारावं लागलं.

साहेब रेडिओचा डबा आणायला आत गेले. आम्ही जिना उतरून अंगणात गेलो. करीमने निळं विमान दोन्ही हातांनी उचललं, तान्हं मूल उचलावं तसं. मग एक हात पंखाखाली घातला. दुसरा पंख चाचपायला. बोटं हवेत फिरली. पुढे गेली, मागे आली, परत फिरली.

मग त्याने माझ्याकडे बघितलं.

मी लाल विमानाकडे बघत राहिलो.

तळहाताने ढकल: चल

कासारवाडीकडे, करीमच्या घरी जाताना विमान त्याच्या सायकलच्या कॅरिअरला बांधलेलं. तो सायकल ढकलत होता, मी मागून शेपूट धरून. 

"बोल ना," करीम म्हणाला. "शिव्या दे, पण बोल."

"कवापासनं?"

"पडलो तेव्हापासून."

"डाक्टरला दावलंस?"

"डॉक्टर कंपनीचा. त्याला सांगितलं की मी खाली. आणि मला खालचं येतं काय, सांग? मला फक्त वरचं येतं." मान कलवून त्याने दाखवलं. "अशी केली की दोन्ही चित्रं जवळ येतात. समोर बघताना तर एकच होतं. खाली बघितलं की परत फुटतं."

"तुझं काम खालीच बघायचं हाय, करीम."

"पण मला कळतं ना. वरचं खरं असतं, खालचं खोटं."

"दर टायमाला?"

तो थांबला. सायकलही थांबली.

"बहुतेक."

रस्त्याने कंपनीची बस गेली, दुसऱ्या पाळीची माणसं भरलेली. खिडकीतून कुणीतरी ओरडलं, "ओ पायलट!" करीमने हात केला.

"आन् मी?" मी विचारलं. "मी किती दिसतो?"

"दोन. वहिनींना सांगू नको, एकालाच कंटाळल्यात."

मला हसू आलं. "त्यातला खरा कसा वळखतोस?"

"तू कधी जागा बदलत नाहीस. डायच्या डाव्या कोपऱ्याला, खांबाला पाठ लावून. मी तुझ्यावरून माप घेतो, सोपान. तू आहेस म्हणून चाललंय." मग हळू आवाजात म्हणाला, "आपोआप बसेल हे. दिवाळीपर्यंत कुणाला बोलू नको. घरी बिल्किसलापण माहीत नाही."

 विमानाची शेपूट घट्ट धरून चालत राहिलो.

बोट खाली: उतर

सोमवारी मोठ्या हातोड्याचा डाय बदलायचा होता. जीपगाडीएवढं धूड, साखळीला टांगलेलं.

मी खांबाला पाठ लावून उभा राहिलो. बोट खाली फिरवलं. डाय उतरू लागला आणि मला पहिल्यांदा त्याची सावली दिसली. इतकी वर्षं ती माझ्या अंगावरून जात असणार.

एक पाऊल मागे जावंसं वाटलं. खांब होता. बाजूला सरावंसं वाटलं आणि तिथेच कळलं की सरता येत नाही. मी सरलो तर त्याचं माप सरणार. मी भ्यायलो तर डाय चुकणार. वर काचेमागे करीमची कललेली मान. तो मला बघत होता. दोघांना.

हळू, अशी खूण केली. डाय हळू झाला.

शेवटच्या वीतभर अंतरात मी नेहमी हात घालून डाय ओढून घेतो. हात पुढे गेला. मग माझाच हात मला परका वाटला आणि मी तो मागे घेतला.

तेवढ्यात पलीकडून भिमाजी वाकला. हातोड्यावरचा माणूस, पाचर खाली पडली होती ती उचलायला. भिमाजीची काही ठरलेली जागा नाही. आज इथे, उद्या तिथे. करीमला आता दोन भिमाजी दिसत असणार आणि त्यातला खरा कुठला हे सांगणारं काहीच नव्हतं. मी बोट थांबवलं होतं, पण ते त्याला दिसलं नसावं. डाय मात्र उतरतच होता, हळू, भिमाजीच्या पाठीच्या बाजूला कलत.

दोन्ही हात आडवे, ताठ

डाय थांबला.

साखळी करकरली. भिमाजी पाचर घेऊन उभा राहिला, वर बघितलं आणि उडी मारून मागे गेला.

मी हात खाली घेतले नाहीत. फोरमन रंगराव धावत आले, तोंड हलताना दिसत होतं. त्यांनी इशारा केला तसा बाकीचे हातोडे एकेक बंद झाले. शॉपमध्ये अशी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

"काय झालं रे? जागेवर तर आला होता!"

"क्रेनवाला बदला."

"काय?"

"दुसरा माणूस वर धाडा. मंग हात खाली घेतो."

"अरे पण का? करीमशी भांडलास का? टाळकं फिरलं काय तुझं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. वर काचेमागे करीमही. इतक्या शांततेत मी बोललो असतो तर त्याला ऐकू गेलं असतं. मी बोललो.

"त्याला दोन दिसत्यात."

कुणीतरी हसलं. मग कुणी हसलं नाही.

केबिनचं दार उघडलं. करीम पाठमोरा होऊन शिडीवर आला. भिंतीला लागून उभी लोखंडी शिडी, खाली काँक्रीट. रोज पाळी सुटल्यावर तो असाच उतरत असणार आणि मी रोज पाठ फिरवून चहाला जात होतो. आज बघितलं. पाय सोडायचा, हवेत फिरवायचा, गजाला लागला की टेकवायचा. पंखाखाली बोटं फिरली होती, तसाच.

मधेच त्याने खाली बघितलं. माझ्याकडे असेल, किंवा त्या दुसऱ्याकडे. पाय सुटला. हातांवर लोंबकळला. वहाण खाली पडली, तिचा आवाज शॉपभर झाला.

"करीम, खाली बघू नगंस!" मी ओरडलो. मी शिडीखाली कधी पोचलो ते माहीत नाही. हात अजून आडवेच होते, ते खाली घेऊन शिडी धरली. "भिंतीकडं बघ. मी सांगतो. उजवा पाय... थोडा खाली... अजून... हाय."

पाय टेकला.

"डावा."

तो हलला नाही. कपाळ गजाला टेकलेलं, मान सरळ.

"सोपान," तो भिंतीकडे बघून म्हणाला, "तू कुठं उभा आहेस?"

"खाली. शिडीला धरून."

"मग बाजूला हो. पडलो तर तुझ्यावर पडेन."

"डावा पाय सोड," मी म्हणालो.