दहाला नऊ

बटाटेवाल्याच्या तोंडावर पहिला फटका बसला तेव्हा मावशीच्या मांडीवर टोमॅटोवालीचा काटा उघडा पडला होता. मागचं झाकण काढून ती आतल्या स्प्रिंगवर तेलाचा थेंब सोडत होती. आवाजासरशी हात हलला आणि थेंब बोटावर पडला. ओल्या पोत्यावर काठी बसावी तसा तो आवाज होता.

"जुंपली वाटतं कुणाची," टाचा उंचावून बघत टोमॅटोवाली म्हणाली. "तुम्ही तुमचं चालू ठेवा, मावशी. माझा काटा हल्ली फार खरं बोलायला लागलाय, त्याला जरा समज द्या."

मावशी गालातल्या गालात हसली आणि तिने बोट पदराला पुसलं. बाजाराच्या तोंडाशी, दिराच्या भंगाराच्या दुकानाला टेकून, एका पत्र्याखाली तिची बैठक होती. नवरा गेल्यापासून त्याचं काम तीच बघायची. बाजारातला एकूण एक काटा तिच्या हातून जायचा. विकणाऱ्याचा काटा ती असा बसवायची की नऊ किलो माल ठेवला की सुई दहावर जायची. दहाला नऊ हा बाजाराचा रिवाजच होता. गिऱ्हाइकांनाही तो माहीत होता, म्हणून तर ती वरून दोन टाका, चार टाका म्हणत अडून बसायची. सरकारी तपासणीच्या आदल्या दिवशी सगळे काटे खरे व्हायचे आणि साहेबांची गाडी वळणाआड गेली की पुन्हा आपापल्या जागी यायचे. यात कुणी कुणाला लुबाडतंय असं कुणाच्या मनातही यायचं नाही.

दुसरा फटका बसला. मग बरेच एकदम.

गर्दी तिच्याच दिशेने सरकत होती. सगळ्यांत पुढे खानावळवाला होता, एका हातात बटाट्यांची पिशवी आणि दुसऱ्या हातात बटाटेवाल्याची कॉलर. मागून कोंबडीवाला खोक्याची फळी घेऊन येत होता. फळीच्या टोकाला खिळा तसाच राहिला होता. बटाटेवाला चालत नव्हता, फरफटत होता. हातगाडी उलटली होती, बटाटे घरंगळून वाटभर पसरले होते, आणि मारणाऱ्यांपैकीच दोघं मधूनच वाकून आपापल्या पिशव्या भरत होते. बटाटेवाल्याने आधारासाठी जमिनीवर हात टेकला. कुणाचा तरी बूट त्या हातावर पडला आणि तिथेच फिरला. दोन बोटांचा आवाज मावशीला बसल्या जागी ऐकू आला.

"दहा किलो सांगून आठ दिलेत याने," खानावळवाला धापा टाकत म्हणाला. "मला हाताला हलकं लागलं. म्हटलं, बघू तरी. हा काय, भंगारवाल्याच्या काट्याला टांगली पिशवी, सगळ्यांच्या देखत. आठ."

"दहाला नऊ मी समजू शकतो," कोंबडीवाला म्हणाला. "प्रत्येकाला पोट आहे. पण दहाला आठ म्हणजे दरोडा झाला." आणि बोलण्यावर शिक्का मारावा तशी त्याने फळी घातली. ती खांद्यावर बसली. खिळ्याने शर्ट फाडला, आणि फाटलेल्या कापडातून रक्त आधी बारीक, मग भळाभळा आलं.

"चार महिने झाले येऊन," मागून कुणीतरी म्हणालं. "वरून एक बटाटा टाकायचा नाही कधी. म्हणे, माझं वजन पुरं आहे."

"पुरं आहे म्हणे," खानावळवाल्याने त्याच्या पोटात लाथ घातली. "घे पुरं."

मावशीचं लक्ष दिराच्या दारातल्या टांगत्या काट्याकडे गेलं. मघाशी ती खाली मान घालून कामात असताना पिशवी टांगली गेली होती, आता त्याचा हूक रिकामा लोंबत होता. तो काटा विकणाऱ्याचा नव्हता, घेणाऱ्याचा होता. दीर लोकांकडून लोखंड, पितळ, रद्दी घ्यायचा, आणि घेणाऱ्याचा काटा उलटा बसवावा लागतो. दहा किलो टांगले की तो आठ दाखवायचा. भंगार विकायला घरून वजन करून कोण येतं? त्यामुळे ही गोष्ट दोघांनाच ठाऊक होती, दिराला आणि तिला. तिने स्वतःच्या हाताने ती स्प्रिंग बसवली होती.

म्हणजे पिशवीत बरोबर दहा किलो बटाटे होते. सगळ्या बाजारात आज एकाच माणसाने कुणाला तरी पुरे दहा किलो मोजून दिले होते आणि त्यासाठी तो मार खात होता.

"वहिनी, तुम्ही आत या," दारातून दीर म्हणाला. "बायामाणसांनी बघण्यासारखं नाही हे."

पण खानावळवाल्याने तोवर हातगाडीजवळ पडलेला बटाटेवाल्याचा काटा मागवून घेतला होता. तो त्याने मावशीच्या पुढ्यातल्या पाटावर आदळला.

"मावशी, तुम्हीच सांगा. तुमच्यापासून कुठलाच काटा लपायचा नाही. हा किती मारतो ते सांगा, म्हणजे आम्हालाही कळू दे, याला किती मारायचं ते."

दोघंचौघं हसले. फळी खाली आली नाही.

मावशीने टोमॅटोवालीचा काटा बाजूला ठेवला आणि हा उलटा करून मांडीवर घेतला. झाकणाचे स्क्रू एकेक करून काढले. आत स्प्रिंगच्या मुळाशी कारखान्याने लावलेला लाल रंगाचा ठिपका होता, कुठेही न खरवडलेला. तो तिने पूर्वीही पाहिला होता. तपासणीच्या वेळी हा काटा तिच्याकडे आला, तेव्हा तिने उघडला होता आणि तसाच बंद करून परत दिला होता. करण्यासारखं काही नव्हतंच.

"काटा..." ती म्हणाली.

बटाटेवाल्याने मान वर केली. एक डोळा सुजून बंद झाला होता. उघड्या डोळ्याने तो तिच्याकडे बघत होता, परक्या गावात एकदम आपलं माणूस दिसावं तसा.

तिची नजर त्याच्यावरून फळीवर गेली आणि फळीवरून दारात. दिराने टांगता काटा खुंटीवरून काढून पाठीमागे धरला होता. त्याचे ओठ पांढरे पडले होते. गर्दीतल्या काहींनी तिच्या नजरेबरोबर माना वळवायला सुरुवात केली. मावशीने नजर खाली घेतली आणि झाकण काट्यावर बसवलं.

"काटा बाजाराचाच आहे," ती हळू म्हणाली. "मीच बसवलाय. सगळ्यांचा आहे तसाच. दहाला नऊ."



"मग आठ कसे आले?" खानावळवाल्याने विचारलं.

"भावजींचा काटा गंजलाय. स्प्रिंग अडकते, किलोभर खाते. कधीपासून सांगतेय, आणून द्या म्हणून."

"आळस माझाच," दीर घाईघाईने म्हणाला. "ओलीत टांगलेला असतो. गंजणार नाही तर काय."

खरं वजन ठेवून दाखवा, असं कुणी म्हणालं नाही. तिथे जमलेल्यांत निम्मे स्वतःच काटेवाले होते. कोंबडीवाल्याने फळी जमिनीला टेकवली आणि तिच्यावर भार देऊन उभा राहिला, काम उरकल्यासारखा.

"नाही," बटाटेवाला म्हणाला. ओठ फाटल्याने शब्द फुटून येत होते. "खोटं आहे ते. माझा काटा खरा..."

मावशी उठली. ती एवढ्या चटकन उठलेली कुणी पाहिली नव्हती. पाण्याच्या भांड्यात फडकं बुडवून ती त्याच्याशेजारी गुडघ्यांवर बसली आणि तिने ते फडकं त्याच्या तोंडावर धरलं.

"बोलू नकोस. रक्त जातंय."

त्याने तिचा हात ढकलला. तिने आणखी दाबला. तो मान इकडून तिकडे फिरवायला लागला तशी तिने दुसरा हात त्याच्या मानेखाली घातला, लेकराला औषध पाजताना घालतात तसा, आणि सगळा जोर लावला. फडक्याखाली त्याचा एक दात हलला, तिच्या तळव्याला लागला. तो घशातून काहीतरी बोलत राहिला, मग नुसता गुरगुरत राहिला, मग नाकाने श्वास घेत निपचित पडला. तेव्हा कुठे तिने हात सैल केला. फडकं लाल झालं होतं.

"मावशींना बाई किती माया," टोमॅटोवाली शेजारणीला म्हणाली.

खानावळवाल्याने घाम पुसला. आता त्याच्या चेहऱ्यावर कसलाच राग नव्हता, उलट थोडा ओशाळाच झाला होता तो.

"अरे, मग आधी तोंडाने सांगायचं ना, राव. दहाला नऊ म्हणजे आपल्यातलाच की तू. उगाच पुरं वजन, पुरं वजन करत बसतोस, मग माणसाला संशय येतो." त्याने कोंबडीवाल्याला हाक मारून हातगाडी सरळ करायला लावली, बटाटेवाल्याला काखेत धरून उभं केलं, त्याच्या शर्टावरची माती झटकली. "त्या बोटांचं बघ हं, दवाखान्यात जा." मग वाकून चार मोठे बटाटे उचलले आणि आपल्या पिशवीत टाकले. "हे वरचे."

गर्दी पांगली. मावशी पुन्हा पत्र्याखाली येऊन बसली, टोमॅटोवालीची स्प्रिंग जागेवर बसवून तिने काटा परत दिला. मग दुसरा कुणाचा तरी घेतला. समोर बटाटेवाल्याने गाडी लावली होती. तो घरी का जात नाही, हे तिला कळत नव्हतं. उजवा हात छातीशी धरून तो डाव्या हाताने तोलत होता.

"दोन किलो दे," एक बाई म्हणाली. त्याने दोन किलो तोलले. "वरून टाक की. आता काय लपवायचंय?" त्याने तिच्याकडे पाहिलं. मग एक बटाटा टाकला. "एवढ्याने भरतं होय? सगळे चार टाकतात." त्याने चार टाकले.

पुढचीनेही तेच म्हटलं. त्याच्या पुढची तर विचारतही नव्हती, स्वतःच हात घालून घेत होती. चार महिन्यांत त्याच्याशी एवढ्या गोडीने कुणी बोललं नव्हतं. येणारा जाणारा त्याच्या पाठीवर थाप मारत होता, नेमकी खिळा लागला होता तिथे, आणि म्हणत होता, लबाड आहेस हं, दिसत नाहीस पण. उन्हं कलायच्या आत गाडी रिकामी झाली.

तो काटा काखेत घेऊन पत्र्याखाली आला. दोन बोटं काळीनिळी होऊन एकाच जाडीची झाली होती, त्यांना त्याने शर्टाची चिंधी गुंडाळली होती. काटा त्याने पाटावर ठेवला आणि उभा राहिला.

"दवाखान्यात नाही गेलास?"

त्याने मान हलवली.

"मी बोलले नसते तर मारूनच टाकलं असतं तुला त्यांनी," मावशी म्हणाली.

"हो."

शेजारच्या दुकानात दीर लोखंड रचत होता, तो आवाज थांबला. पलीकडे तो कान देऊन उभा असणार.

"नदीपलीकडच्या बाजारात जा उद्यापासून," ती म्हणाली. "तिकडे तुला कुणी ओळखत नाही."

"तिकडचे काटे कोण बसवतं?"

मावशीने बाजूची पिशवी पायाने मागे सारली. दर आठवड्याला पिशवीत हत्यारं घालून तीच जायची तिकडे.

बटाटेवाल्याने डाव्या हाताच्या तळव्याने काटा तिच्याकडे सरकवला. तिने तो मांडीवर घेतला, उलटा केला, झाकण काढलं. स्क्रूड्रायव्हरचं टोक लाल ठिपक्यावर टेकवलं आणि ते तसंच धरून ठेवलं.

"किती कमी करू?" तिने वर न बघता विचारलं.

"तुम्ही सांगितलंत तेवढंच," तो म्हणाला.