चिंच न घातलेलं कालवण

सलोनीला रोज सकाळी मळमळायचं. अंथरुणातून उभी राहिली की घर डोलायचं आणि खाली बसली की थांबायचं, एवढं तिने नीट पारखून घेतलं होतं.

नवापूरच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत घालताना एकदा ती बाजूला जाऊन ओकली. शेजारची गोदूबाई ओरडली, "काय गो, चिंच आणू का?" सगळ्या बाया हसल्या. सोळा वर्षांच्या सलोनीला ती चिंच कळली. आई हसली नाही, पण "तसं काय नाय," असंही म्हणाली नाही.

त्या दिवसापासून आई कालवणात चिंच घालेनाशी झाली आणि सलोनीशी कामापुरतंच बोलू लागली.

बाबा समुद्रावरून परतले आणि पहिल्याच घासाला म्हणाले, "आंबट कसं नाय?"

आई गॅसकडे बघत राहिली.

"मला चक्कर येते ना, म्हणून," सलोनी म्हणाली.

"कवा?"

"सकाळी, उबी रायली की."

बाबा हसले. "लोकांना बोट लागते, तुला जमीन लागली गो!"

सलोनीलाही हसू आलं, पण आईकडे नजर जाताच ते ओसरलं.

भांडी घासताना ती आईला म्हणाली, "उद्या बोईसरला डॉक्टरकडं जाऊ. तुला मला विचारता येत नाय, ते त्यांना विचार."

"विचारते," आई म्हणाली.

नको विचारायला, असं ती म्हणेल म्हणून सलोनी हातातलं भांडं धरून थोडा वेळ थांबली. आई ताट विसळत राहिली.