चार शिट्ट्यांचं हाड

ही जाऊन तीन आठवडे झाले तरी माझ्या डोळ्यांतून टिपूस आला नव्हता. भेटायला येणारे म्हणत, रडून मोकळे व्हा. मोकळं व्हायला आत काही साचायला तर हवं! मी उठत होतो, चहा करत होतो, कपबशी विसळून ठेवत होतो.

इस्पितळात शस्त्रक्रियेची हत्यारं निर्जंतुक करायची, ही माझी नोकरी. एकतीस वर्षं वाफेच्या यंत्रापुढे काढली. जे उकळलेलं नाही ते घाण, एवढं एकच शास्त्र मला येतं. आणि हिने पाळला कुत्रा! नाव भोपळा, कारण अंगच तसं. दर रविवारी ही त्याच्यासाठी खाटकाकडून कच्चं हाड आणायची, त्याच्या तोंडात मावणार नाही एवढं मोठं. मागच्या अंगणात पोत्यावर बसून एक टोक स्वतः धरायची आणि तो दुसरं टोक चावायचा. वीस मिनिटं झाली की काढून घ्यायची. चहाच्या डब्याशेजारी बकऱ्याच्या वाळवलेल्या कानांची बरणी, तीही त्याच्यासाठीच. माझं डोकं फिरायचं. “अगं, निदान उकळ तरी,” मी म्हणायचो. ती काहीतरी समजावायची, पण तोवर मी साबण पुढे केलेला असायचा. तीनदा हात धुतल्याशिवाय तिला स्वयंपाकघरात प्रवेश नव्हता.

ती गेली आणि भोपळ्याने अन्न सोडलं. तिच्या चपलांपाशी पडून राहायचा. बरणीतला कान नाकाशी धरला तर तोंड फिरवायचा. भोपळ्याचं पडवळ व्हायला लागलं. आधी मला काहीच वाटलं नाही. मग एका सकाळी लक्षात आलं, हा गेला तर या घरात तिची वाट बघणारं कुणी उरणार नाही. मला तर तेही जमत नव्हतं.

रविवारी नाकाला रुमाल लावून खाटकाकडे गेलो. आयुष्यात पहिल्यांदाच.

“भाऊजी ना?” तो म्हणाला. “ताईंचं हाड काढून ठेवलंय. सवयीने दर रविवारी काढतोच. आहे तसंच द्या हं त्याला.”

मी मान हलवली. मान हलवायला काय लागतं?

घरी येऊन हाड कुकरमध्ये घातलं आणि चार शिट्ट्या केल्या. तिच्या लाडक्याच्या पोटात जंतू कसे जाऊ देणार? माया करायची दुसरी रीत मला येत नाही. गार झाल्यावर पोत्यावर ठेवलं आणि लांब खुर्ची टाकून बसलो. भोपळा आला, हुंगलं, आणि कडाकडा फोडून सगळं खाल्लं. बरं वाटलं असावं मला.

दुपारी तो रक्त ओकला.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे दाखवला. पोटात सुयांसारखे तुकडे होते.

“शिजवलंत?” त्या म्हणाल्या. “कच्चं हाड चिवट असतं. शिजलं की ठिसूळ होतं, काचेसारखं फुटतं. कच्च्यालाही जपावं लागतंच, समोर बसावं लागतं. पण शिजवलेलं कधीच नाही. घरात कुणी सांगितलं नाही का?”

“सांगितलं होतं,” मी म्हणालो.

त्याला शस्त्रक्रियेसाठी आत नेलं आणि मी बाहेर बाकावर बसलो. आतून वाफेच्या यंत्राचा फुसकारा आला. आवाजावरून कळलं, हत्यारं नीट निघाली आहेत. बाकी मला काही कळत नव्हतं.

भोपळा वाचला. दोन महिने पेजेवर काढले. मग बाईंनी परवानगी दिली आणि मी पुन्हा खाटकाकडे गेलो. कच्चं हाड पोत्यावर ठेवलं. भोपळ्याने चाटलं, तसं ते घरंगळलं. तो माझ्याकडे बघत राहिला. दुसरं टोक कुणीतरी धरायला हवं होतं.

मी रबरी मोजे आणायला उठलो.

शेवटचे दोन महिने मी हिचा हात मोजे घालूनच धरला होता. तिला संसर्ग नको म्हणून. एकदा ती म्हणाली, “नुसता हात दे ना.” मी म्हणालो होतो, “बरी झालीस की देतो.”

मोजे न घेताच परत आलो. पोत्यावर बसलो आणि हाड उघड्या हाताने धरलं. गार, बुळबुळीत. भोपळा चावता चावता माझी बोटंही चाटत होता. वीस मिनिटांनी मी हाड काढून घेतलं. मला तिची फार आठवण आली. हात धुवायचे राहिले.