ते भगदाड आणि मी

मी झेब्रा बोलतोय. जंगलातला नव्हे, रस्त्यावरचा. मला शेपूट नाही, आयाळ नाही, आणि गाडी अंगावर आली तर पळून जायची सोय तर मुळीच नाही. समुद्रकाठच्या या गावात, किनाऱ्याला लागून जाणाऱ्या मोठ्या रस्त्यावर मी आडवा पडलेला असतो. माझ्या पांढऱ्या पट्ट्यांवरून माणसांनी सुखरूप पलीकडे जावं, एवढ्यासाठीच माझा जन्म.

स्वभावाचं म्हणाल तर मी हेवेखोर आहे. लपवून काय करू? माणसं शेजाऱ्याच्या गाडीचा हेवा करतात, जावेच्या दागिन्यांचा करतात. मी हेवा करतो एका भगदाडाचा. हसा खुशाल. ज्याला अंग नाही, रंग नाही, जे म्हणजे नुसती रिकामी जागा, त्याने माझी माणसं पळवली. तुमच्यावर अशी वेळ आली असती म्हणजे कळलं असतं.

मी जन्मलो एका बड्या हॉटेलच्या फाटकासमोर. खरं म्हणजे किनाऱ्यावर उतरायच्या पायऱ्या तिथून बऱ्याच पुढे आहेत. पण हॉटेलच्या मालकाने हट्ट धरला, की माझे पाहुणे फाटकातून निघाले की नाकासमोर चालत पलीकडे गेले पाहिजेत. रस्त्याच्या साहेबांनी मान डोलावली. रंगाऱ्याने दोरी ताणली, खडूने रेघा आखल्या, पिंपात वितळवलेला गरमागरम पांढरा रंग डांबरावर ओतला आणि मी झालो. कंबर सरळ करत रंगारी म्हणाला, "नवरदेव दिसतोय नुसता!" ते ऐकून मी जो फुगलो तो बरीच वर्षं फुगलेलाच होतो.

दिवसही तसेच होते. ओल्या अंगाला टॉवेल गुंडाळलेले पाहुणे माझ्यावरून फटक फटक चपला वाजवत जायचे. मुलं फक्त पांढऱ्यावर उड्या मारायची. काळ्यावर पाय पडला तो बाद. मोठमोठ्या गाड्या माझ्यापुढे येऊन निमूट उभ्या राहायच्या. अशा वेळी कोणाची छाती फुगणार नाही?

मग हॉटेल बंद पडलं. फाटकाला कुलूप लागलं आणि कुलपाला गंज. गाड्या उभ्या करायचं नवं मैदान झालं ते पुढे, पायऱ्यांच्या बरोबर समोर. रस्त्याच्या मधोमध सिमेंटच्या ठोकळ्यांचा दुभाजक आला. त्यात वाट ठेवली ती फक्त माझ्यासमोर. मला वाटलं, आता गाव झक मारत माझ्याकडे येईल.

पण पायऱ्यांपाशी एक आइस्क्रीमवाला उभा असायचा. हातगाडी ढकलत माझ्यापर्यंत यायचं आणि पलीकडून तेवढंच परत जायचं, हे त्याच्या जिवावर यायचं. एके दिवशी त्याने दोन मित्र आणले आणि तिघांनी मिळून दुभाजकाचे दोन ठोकळे बाजूला सरकवले. "माझ्या गाडीपुरती वाट केलीय, बाकी काही नाही," असं तो जो विचारेल त्याला सांगायचा. झालं! त्याच्या गाडीमागून सगळं गाव त्या भगदाडातून जाऊ लागलं.

माणसांचा हा प्रकार मला आजवर उमगलेला नाही. तब्येतीसाठी रोज सकाळी किनाऱ्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालणारी मंडळी, पण माझ्यापर्यंत चालायचं म्हटलं की त्यांचे गुडघे दुखतात. कमरेला हवेची ट्यूब, एका हातात पोर, दुसऱ्या हातात फोन, आणि निघाले भगदाडाकडे! समोरून येणारे चालकही तसेच. गाडी रस्त्यावर आणि डोळे समुद्रात. त्यातून भाड्याच्या स्कूटरवाले. त्यांनी ब्रेक कुठे असतो ते दुकानदाराला नुकतंच विचारून घेतलेलं असतं. रोज तिथे किंचाळ्या, रोज शिव्या, आणि तरी गर्दी तिकडेच.

माझ्या वाट्याला काय आलं? सुट्टीच्या दिवशी जागा मिळाली नाही की लोक माझ्यावर गाडी लावून जायचे. थंड पेयांचा टेंपो माझ्या पोटावर उभा राहून क्रेट उतरवायचा. तिकडे भगदाडाशी मात्र नवी जोडपी समुद्र मागे घेऊन फोटो काढायची. माझा नुसता जळफळाट व्हायचा. त्याच्यात आहे काय, मी म्हणतो? काहीच नाही, हाच तर त्याचा गुण!

एक माणूस तेवढं माझं राहिलं. इस्त्रीवाल्या काकू. किनाऱ्याच्या बाजूला त्यांचं दोन खोल्यांचं घर. रोज सकाळी पलीकडच्या लॉजच्या चादरी इस्त्री करून, घड्यांचं गाठोडं काखेत मारून त्या निघायच्या आणि माझ्यावरूनच जायच्या. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता. ऑपरेशनचं नाव काढलं की त्या विषय बदलायच्या.

त्यांच्या सुनेचं पायऱ्यांपाशी टोप्यांचं दुकान. ती एकदा म्हणाली, "अहो आई, एवढा वळसा कशाला घेता? डिव्हायडर फोडलाय ना तिथून या. जवळ पडेल."

"जवळ असेल गं. पण तिथे पायाखाली काय आहे ते मला कुठे दिसतंय? मला आता काळं-पांढरं तेवढं कळतं. इथे पट्टे आहेत. पट्ट्यावर पाय ठेवला की गाडीवाला थांबतो."

हे ऐकून मला काय झालं ते कसं सांगू! सगळं गाव एकीकडे आणि काकू एकीकडे. ऐक रे भगदाडा, ऐक, असं मी मनातल्या मनात ओरडलो.

आणि मग भगदाडात व्हायचं तेच झालं. भाड्याच्या स्कूटरने खुद्द आइस्क्रीमवाल्यालाच उडवलं. पाय दोन ठिकाणी मोडला, गाडी उलटली, रस्ताभर आइस्क्रीम वितळलं. वाईट वाटलं, पण मनात हेही आलं की आता भगदाड बुजवतील. आता सगळे माझ्याकडे येतील.

साहेब आले, हवालदार आले. पायऱ्यांपाशी उभं राहून त्यांनी गर्दी बघितली. साहेब म्हणाले, "लोक इथूनच जाणार. बुजवलं तर पुन्हा फोडतील. मग पट्टे इथेच देऊन टाका ना!"

अहो, माझ्या पट्ट्यांचं काय, हे कोणी विचारलंच नाही. भगदाडाच्या जागी नवा झेब्रा आखला. माझ्याहून रुंद. त्याच्या आधी गतिरोधक, डोक्यावर लुकलुकणारा पिवळा दिवा, बाजूला निळी पाटी. लग्नात दुसऱ्याच मुलाला सगळा आहेर जावा आणि आपण जेवायला सुद्धा बोलावलेलं नसावं, तसं मला झालं. आणि माझ्यावर काळा रंग फिरवायचा हुकूम निघाला.

रंगारी तोच होता. केस पिकले होते. माझ्याकडे बघून त्याने ओळख दिली नाही. काळा रंग नव्या झेब्र्याच्या मधल्या काळ्या भागात संपत आला होता. उरलेल्यात त्याने सढळ हाताने पाणी ओतलं.

"पातळ होतोय हो," हवालदार म्हणाले.

"झाकल्याशी मतलब. इथे येतंय कोण बघायला!"

काळोख काय असतो तो मला त्या दिवसांत कळला. गाड्या माझ्यावरून बिनधास्त जायच्या. पुढे गतिरोधकाशी त्यांना हळू व्हावं लागायचं, नव्याला मान द्यावा लागायचा, आणि तो राग काढावा तशा त्या माझ्यापाशी येईपर्यंत सुसाट सुटलेल्या असायच्या. काकूंना सून हाताला धरून नव्यावरून न्यायची. मला लांबून त्यांचं गाठोडं तेवढं दिसायचं. माझी शेवटची व्यक्तीही त्याने नेली.

पण पातळ रंग तो, किती टिकणार? खारा वारा आणि ऊन खाऊन तो पापुद्र्यांनी उडायला लागला. एक पट्टा वर आला, मग दुसरा. उन्हाळा संपता संपता मी पुन्हा जवळजवळ पहिल्यासारखा पांढरा झालो. काय सांगू आनंद! नव्याकडे बघून मी म्हटलं, तुझा दिवा तुला लखलाभ, माझं मी कमावलंय.

आणि एका सकाळी काकू एकट्या आल्या. फूटपाथच्या कडेला थांबल्या, मान वाकडी करून खाली बघितलं आणि लहान मुलीसारख्या हसल्या. "आले की माझे पट्टे! तिकडे तो दिवा मेला डोळ्यात नुसता चमकतो, काही दिसू देत नाही." मग गाठोडं सावरून त्यांनी माझ्या पहिल्या पट्ट्यावर पाय ठेवला. मी धन्य झालो. जिंकलो, असं मला वाटलं. तिसऱ्या पट्ट्यावर त्या असताना गतिरोधक ओलांडून एक गाडी सुटली.

ब्रेक असा किंचाळला की दुकानातून माणसं बाहेर आली. गाडी काकूंच्या पदराला घासून थांबली. गाठोडं सुटून पांढऱ्याशुभ्र चादरी माझ्या अंगावर पसरल्या.

चालक खिडकीतून ओरडला, "आजी, क्रॉसिंग तिकडे आहे! मरायचंय का?"

"मी क्रॉसिंगवरच उभी आहे!" काकूही काही कमी नव्हत्या. "डोळे तुझे गेलेत की माझे?"

सून धावत आली. तिने सासूला घट्ट धरलं. मग म्हणाली, "आई, हे आता बंद केलंय. तुम्हाला कितीदा सांगितलं!"

"बंद आहे?" काकूंनी खाली वाकून माझ्या पट्ट्यावर हात फिरवला. "बंद आहे तर मग दिसतं कशाला?"

सुनेने त्यांना उभं केलं. चादरी गोळा करून ती त्यांना घेऊन गेली. मी तिथेच पडून राहिलो, आणि जन्मात पहिल्यांदा मला माझ्या पांढऱ्या रंगाची भीती वाटली. काकू माझ्यावर विसंबतात. गाडीवाले मला ओळखतही नाहीत. या दोहोंच्या मध्ये मी छान उजळ होऊन पडलोय.

सूनबाई सांगून दमली. "मी येईपर्यंत थांबा," म्हणते. पण लॉजवाल्यांना चादरी सकाळीच लागतात आणि तिचं दुकान तेव्हाच उघडतं. काकू 'हो हो' म्हणतात आणि निघतात. दिवा डोळ्यात जातो म्हणून त्याला टाळतात आणि माझ्याकडे येतात. आजवर मी याच एका गोष्टीसाठी झुरलो, की कोणीतरी त्याला सोडून माझ्याकडे यावं.

म्हणून सांगतो, रंगारीबुवा, या. दाट काळा रंग आणा, पाणी घालू नका. नाहीतर तासणीने मला मुळापासून खरवडून काढा. माझी हरकत नाही. खोटं कशाला बोलू, त्याचा हेवा मला आजही वाटतो. त्याचा दिवा लुकलुकला की आजही पोटात दुखतं. पण त्याच्यापुढे गाड्या थांबतात हो. माझ्यापुढे थांबत नाहीत.

पलीकडे गतिरोधकावरून गाड्या एकेक करून उतरतायत आणि सुटतायत. रंगारी काही आलेला नाही. फूटपाथच्या कडेला काकू येऊन उभ्या राहिल्यात, गाठोडं काखेत, मान वाकडी, मला शोधतायत. आणि मी ऊन पडलंय तसा लख्ख दिसतोय.

काकू, पाय मागे घ्या. मी इथे नाही हो. तिकडे जा, त्याच्याकडे.