तांबडीखालची अकरा अंडी

तेराव्याचे पाहुणे गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी श्वेता झाडू घेऊन खुराड्यात शिरली, तेव्हा लवू हातातला चहा तसाच ठेवून उठला.

"बाहेर ये," तो सुनेला म्हणाला.

"चार दिवस झाडलं नाही, बाबा. वास मारतोय."

"बाहेर ये म्हटलं ना. मी बघतो."

त्याने तिच्या हातातून झाडू काढून घेतला. जरा जोरातच घेतला. श्वेता आत गेली. मग स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला. ती नितेशला सांगत होती, "केलं तरी चूक, नाही केलं तरी चूक. आईंच्या कोंबड्या म्हणून मी करतेय, मला काय हौस आहे?"

लवूने पंचा नाकातोंडाला बांधला आणि झाडायला लागला.

घर बोरीवली पूर्वेला, नॅशनल पार्काच्या भिंतीजवळ. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे दहा पावलांचं परसू. त्यात कढीपत्ता, थोडं अळू आणि हे खुराडं. लवूने ते स्वतःच्या हाताने केलं होतं. मरोळच्या एका वर्कशॉपात त्याने तीस वर्षं वेल्डिंग केलं. शेजारच्या राधाकाकूंचा कुत्रा बिबट्याने उचलून नेला, त्यानंतरच्या रविवारी त्याने अँगल आणि जाळी आणून खुराडं स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून पक्कं केलं. वर आणि तिन्ही बाजूंनी पत्रा मारला. बिबट्याला पंजा घालायला फट ठेवली नाही. वाऱ्यालाही ठेवली नाही, पण ते तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

आत नऊ कोंबड्या आणि एक कोंबडा. सगळं त्याच्या गेलेल्या बायकोचं, रुक्मिणीचं. कोपऱ्यातल्या टोपलीत तांबडी कोंबडी अंड्यांवर बसली होती. आज एकोणिसावा दिवस. लवू जवळ गेला तशी ती फुगली आणि गुरगुरली.

"बस, बस," तो म्हणाला.

तीन महिन्यांपूर्वी तो रुक्मिणीला मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेला होता. नितेशला सुट्टी मिळाली नव्हती. दोन वर्षं तिला दम लागत होता आणि सगळे दमाच समजत होते. डॉक्टरीणबाईंनी छातीचे फोटो उजेडात धरून पाहिले आणि विचारलं, "घरात पक्षी आहेत का? कबुतरं वगैरे?"

"कोंबड्यो आसत," रुक्मिणी म्हणाली. "नऊ." सांगतानासुद्धा तिला कौतुक होतं.

बाईंनी समजावून सांगितलं. पिसांची आणि शिटेची धूळ काहींच्या छातीला बाधते. फुप्फुसं आतून कडक होत जातात. "आधी कोंबड्या काढा," त्या म्हणाल्या. "त्या घरात असेपर्यंत मी औषध देऊन काही उपयोग नाही. आणि घरातल्या बाकीच्यांचीही छाती एकदा तपासून घ्या."

रस्त्यावर आल्यावर रुक्मिणी एका दुकानाच्या पायरीवर बसली. दम खाऊन म्हणाली, "नितेशाक ह्या सांगू नका. तो आजच्या आज इकून टाकीत."

"मग काय करूचा?"

"काय नाय. माजी शपथ आसा. सांगितल्यात तर माजा मेलेला तोंड बघशात."

लवूने घरी सांगितलं, दमाच आहे. केसपेपर त्याने पत्र्याच्या ट्रंकेत, स्वतःच्या जुन्या पगाराच्या पावत्यांखाली ठेवला. त्याला वाटलं, डॉक्टर घाबरवतातच. त्याला हेही वाटलं, की कोंबड्या गेल्या तर ही दिवसभर भिंतीकडे बघत बसेल. शपथ त्याने पाळली. आणि मेलेलं तोंड पाहायचं ते पाहिलंच.

झाडून झाल्यावर तो नळावर हात धुवत होता, तेवढ्यात नितेश आला. त्याच्या हातात मोजायची टेप होती.

"बाबा, हे जरा वाढवू या का? मी जाळीवाल्याला विचारलंय. आईची आठवण आहे, अशी कोंदट कशाला ठेवायची? जान्हवी बघेल सगळं. तिला आवड आहे."

"ती नऊ वर्षांची आहे."

"आई सात वर्षांची असल्यापासून करत होती."

लवूने नळ बंद केला. "इतक्यात नको."

"तुमचं आपलं सगळ्याला नको. ती गेली म्हणून तिचं सगळं बंद करायचं का?" नितेशचा आवाज चिरकला. तो टेप गुंडाळत आत गेला.

त्या दोन दिवसांत लवूने खुराड्याच्या दाराला कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात बांधली. राधाकाकू कुंपणावरून म्हणाल्या, "काय हो लवूभाऊ, कोंबड्यांना तिजोरीत ठेवलंत की काय?" तो हसला नाही. त्याचं लक्ष जान्हवीच्या खोकल्याकडे होतं. कोरडा, बारीक खोकला. श्वेता म्हणत होती, तेराव्याला थंड सरबत प्यायली म्हणून. असेलही तसं. पण आजी हॉस्पिटलात होती तेवढे दिवस कोंबड्यांना दाणे घालायला जान्हवीच खुराड्यात जात होती.

एकविसाव्या दिवशी सकाळी टोपलीतून बारीक चिवचिव आली. सगळ्यांत आधी जान्हवीने ऐकली. पाच मिनिटांत घर परसात उभं राहिलं. नितेशने ऑफिसला उशिरा येतो म्हणून कळवलं. श्वेताने पिल्लांसाठी खोक्यात जुनं लुगडं अंथरून आणलं. ते रुक्मिणीचं होतं.

"बाबा, किल्ली द्या," नितेश म्हणाला. "आई म्हणायची, ज्या हाताने अंडी बसवली त्याच हाताने पिल्लं काढायची, नाहीतर जगत नाहीत. आता तिचा हात नाही. तिची नात काढेल."

जान्हवीने दोन्ही हात साबणाने धुतले होते. ते तिने आजोबांना पुढे करून दाखवले. दाखवता दाखवता तिला खोकला आला.

लवू दारासमोरून हलला नाही.

"ती आत जाणार नाही."

"बाबा, पुरे झालं हां," नितेश म्हणाला. "आईचा शेवटचा हात आहे या अंड्यांना. तुम्ही एकटेच का धरून बसलाय?"

"तिचा हात नाही. अंडी मी बसवली."

"काय?"

"तिला वाकता येत नव्हतं. ती इथे स्टुलावर बसली आणि मला सांगत गेली. अकरा मोजलीन, विषम हवी म्हणून. खुणेला कोळशाची रेघ मी ओढली. मला म्हणाली, हात तुमचो लागलो, आता पिल्लां तुमीच काढूची." लवूने किल्ली मुठीत धरली. "वाकता का येत नव्हतं, ते मला माहीत होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं. दमा नव्हता तो. ही धूळ होती. कोंबड्या काढा म्हणाले होते. आणि सगळ्यांना तपासून घ्या म्हणाले होते. कागद ट्रंकेत आहे, पावत्यांखाली."

आतमध्ये पिल्लू ओरडत होतं. श्वेताने जान्हवीला दंडाला धरलं आणि स्वयंपाकघरात नेलं. खुराड्याच्या बाजूची खिडकी तिने आतून लावून घेतली.

"किती दिवस झाले?" नितेशने विचारलं.

"तीन महिने."

"तीन महिने तुम्ही मला सांगितलं नाही."

"तिने शपथ घातली होती."

"आणि जान्हवी? तिची पण शपथ होती?"

नितेश आत गेला. ट्रंकेचं झाकण उघडल्याचा आवाज आला.

लवूने पंचा नाकातोंडाला गुंडाळला आणि कुलूप काढलं. पिल्लं थांबणार नव्हती. तो गुडघ्यांवर बसला, तांबडीला एका हाताने उचललं आणि दुसऱ्याने ओली पिल्लं एकेक करून लुगड्यावर ठेवली. सात होती. चार अंडी उरली, त्यांवर त्याने ओढलेली रेघ तशीच काळी होती. त्यातलं एक त्याने कानाशी धरलं. रुक्मिणी धरायची तसं. त्याला काही ऐकू येईना.

मागे पावलं वाजली. नितेशच्या हातात केसपेपर होता. डोळे लाल होते, पण तो बापाकडे बघत नव्हता.

"विरारच्या सहदेवमामाला फोन केला. दुपारी टेम्पो घेऊन येतोय. सगळ्या नेईल."

"पिल्लंपण?"

"पिल्लंपण. जान्हवीला मी आत्ता दाखवून आणतो. तुम्हीपण चला. तुमची पण छाती बघू दे."

"ही चार राहिलीत," लवू म्हणाला. "तुझी आई अशी एक दिवस जास्त ठेवायची."

नितेशने त्या चार अंड्यांकडे पाहिलं. लवूला वाटलं, तो नाही म्हणेल.

"मामाला सांगतो, टोपलीसकट ने म्हणून," तो म्हणाला. मग खिशातला रुमाल काढून त्याने बापापुढे धरला. "तोंडाला बांधा आधी. पंचा सुटलाय तुमचा."

लवूने रुमाल घेतला. बोटांना कोळसा लागला होता. बांधताना तो नितेशच्या पांढऱ्या रुमालाला लागला. नितेशने पाहिलं आणि तो आत निघून गेला. आतून जान्हवीला बूट घाल म्हणून सांगितल्याचं ऐकू आलं.

लवूने चारही अंडी परत टोपलीत ठेवली आणि तांबडीला वर बसवलं.